खेळ त्यांचा, रंग आमचा. मग नाव कुणाचे?

जयंतीची धामधूम ओसरली होती. एका संध्याकाळी तासगावात आमच्या वस्तीतला अकरावीत शिकणारा एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. आम्हाला वाटले, मिरवणुकीतल्या डॉल्बीची नाहीतर कुठल्या हाणामारीची भानगड असणार. वकिलाच्या दारात आपली पोरे येतात ती बहुधा अशाच कामासाठी. पण त्याने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, माझी एसटी चोरली वो. ह्याची केस होतीय का?"

एसटी चोरली म्हटल्यावर आम्हाला हसू आले. त्याने सगळे सांगितले तेव्हा मात्र ते हसू टिकले नाही.

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा बस चालवायचा एक मोबाईल गेम आहे. मालेओ या इंडोनेशियातील कंपनीने तो २०१७ मध्ये आणला. या गेममध्ये खेळणाऱ्याला बस स्वतःच्या मनाप्रमाणे रंगवता येते आणि स्वतः बनवलेली गाडीही त्यात घालता येते. केरळच्या पोरांनी आपल्या नटव्या खासगी बसगाड्या त्यात आणल्या, महाराष्ट्राच्या पोरांनी लाल एसटी आणली. इंडोनेशियातही आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपली लाल परी जावा बेटावरच्या रस्त्यावर परकी वाटत नाही. या मुलाने सुट्टीत रात्री जागून, काच फुटलेल्या जुन्या मोबाईलवर अशीच एक एसटी रंगवली. पुढच्या फलकावर लिहिले, 'तासगाव ते दीक्षाभूमी'. काचेवर निळा झेंडा, मागे 'जयभीम' आणि मागच्या चाकाजवळ बारीक अक्षरात स्वतःचे नाव. गाडी तयार झाल्यावर त्याने ती मित्रांना फुकट वाटली.

महिन्याभरात कुणीतरी तीच गाडी उचलली आणि पैसे घेऊन विकायला काढली. मुलाचे नाव पुसले. निळा झेंडा पुसला. 'जयभीम' पुसले. फलकावर भलतेच गाव आले. बाकी सगळे मात्र तसेच ठेवले. दाराजवळचा पोचलेला पत्रा, खिडकीखालचे चिखलाचे शिंतोडे, टपाचा उडालेला रंग, तासगावच्या स्टँडवर उभे राहून या मुलाने बघून बघून काढलेली एकेक खूण जशीच्या तशी!

श्रम ठेवून घ्यायचे आणि श्रम करणाऱ्याची ओळख पुसून टाकायची, हा या देशातला फार जुना धंदा आहे. त्या चार बोटांच्या पडद्यावर आम्हाला तोच दिसला. म्हणून वरवर पोरखेळ वाटणाऱ्या या विषयावर आम्ही आज लिहीत आहोत.

बदलणारे हात

तयार गेममध्ये खेळणाऱ्याने केलेल्या अशा फेरबदलाला ही पोरे 'मॉड' म्हणतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचे यावर एकच मत असते, पोरगे वाया चालले आहे. आमचेही मत परवापर्यंत याहून फार वेगळे नव्हते. गेम खेळण्यात आयुष्य घालवणाऱ्या मुलाची काळजी वाटणे चूक नाही. पण गेम नुसता खेळणारा मुलगा आणि गेम उघडून त्यात आपले काही घालणारा मुलगा यांच्यात फरक आहे. पहिला गिऱ्हाईक आहे, दुसरा कारागीर आहे.

ज्यांनी २००० नंतरच्या काळात सायबर कॅफेत तास मोजून पैसे भरले त्यांना 'काउंटर-स्ट्राइक' आठवत असेल. तो गेम मुळात कुठल्या कंपनीच्या कचेरीत तयार झालाच नाही. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या १९९८ च्या 'हाफ-लाइफ' गेमवर मिन्ह ली हा व्हिएतनामी वंशाचा कॅनडातील विद्यार्थी आणि त्याचा साथीदार जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये केलेला तो मॉड होता. कंपनीने २००० मध्ये त्याचे हक्क घेतले आणि दोघांना कामावरही घेतले. मूळ गेमपेक्षा बदललेला गेम जगभर जास्त खेळला गेला.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ब्लिझर्ड कंपनीच्या 'वॉरक्राफ्ट ३' या २००२ च्या गेमसोबत नकाशे बनवण्याचे साधन दिलेले होते. खेळाडूंनी त्या साधनातून 'डोटा' घडवला आणि त्यातून खेळाचा एक नवाच प्रकार जन्माला आला. पुढे 'डोटा २' दुसऱ्याच कंपनीने काढला. यातून ब्लिझर्डने कोणता धडा घ्यावा? जानेवारी २०२० मध्ये तोच जुना गेम नव्याने आणताना तिने अट घातली की या गेमवर खेळाडू जे काही बनवतील त्याची मालकी कंपनीची. म्हणजे शेत मालकाचे, म्हणून कुळाने काढलेले पीकही मालकाचे! कुळकायद्याच्या लढ्याने 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्या खेड्यापाड्यात पोचवली. मग घडवेल त्याचा खेळ का नसावा, हा प्रश्न आपल्या पोरांनी विचारला तर त्यात नवल काय?

रंगाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'द सिम्स ४' या २०१४ च्या गेममध्ये माणसे आणि त्यांची घरे घडवायची असतात. त्यात काळ्या-सावळ्या कातडीच्या छटा मोजक्या आणि राखाडी, निर्जीव दिसणाऱ्या होत्या. कृष्णवर्णीय खेळाडू तक्रार करून थांबले नाहीत, त्यांनी आपल्या कातडीचे रंग आणि आपल्या केसांच्या ठेवणी स्वतः बनवून एकमेकांना वाटल्या. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने शंभराहून अधिक नव्या छटा गेममध्ये घातल्या. दुसऱ्याने रचलेल्या जगात आपला चेहरा नसेल तर तो आपण काढायचा, हे त्या खेळाडूंनी करून दाखवले. 'तासगाव ते दीक्षाभूमी' असा फलक लावणारा मुलगा याहून वेगळे काय करत होता?

जलशाने हेच केले

चळवळीच्या वाचकाला यात काही ओळखीचे वाटले पाहिजे. तासगावहून सांगलीला जाताना वाटेवर कवलापूर लागते. काळू-बाळूच्या तमाशाचे हे गाव. या मुलखाने तमाशा पाहिला, जगवला. गण, गवळण, बतावणी, वग असा त्याचा बांधा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता. सत्यशोधक जलसेकारांनी हा बांधा मोडला नाही. ढोलकी तीच ठेवली, गणाची जागा ठेवली, गवळणीची जागा ठेवली आणि आत माल दुसरा भरला. देवाच्या आळवणीच्या जागी क्रांतिबा फुल्यांचा निर्मिक आला, कृष्णलीलेच्या जागी भटशाहीला विचारलेले प्रश्न आले. लोक तमाशा बघायला म्हणून बसले आणि सत्यशोधक होऊन उठले.

पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यात पाणवठा आला, मंदिरप्रवेश आला, मेलेली ढोरे ओढणे बंद करण्याचा निर्धार आला. बाबासाहेबांनी या जलशांचे मोल किती मानले हे चळवळीत सर्वश्रुत आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले. गणातून गणपती उठवला आणि त्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन बसवले. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर १९४४ मध्ये उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाने तो बदल गिरणगावापासून खेड्यापर्यंत नेला. आणि आपली भीमगीते? सिनेमाची चाल उचलायची आणि तिच्यावर भीमाचे बोल चढवायचे, हे आपल्या गायन पार्ट्यांनी किती वर्षे केले! पांढरपेशा समीक्षकांनी नाके मुरडली, ही म्हणे उसनी चाल. होय, चाल उसनी होती. ज्यांना पेटीलाच काय, पाटीलाही हात लावू दिला नव्हता त्यांनी चाल उसनी घेतली यात लाज कसली? बोल उसने नव्हते.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तो मुक्यांना बोलते करण्यासाठी. जलशाने पुढचे पाऊल टाकले, समोर बसलेला बघ्या उठून बोर्डावर आला. जे नुसते बघत होते ते करते झाले. माध्यमात सर्वांचा सहभाग हवा, असे हल्ली विद्यापीठांतून सांगितले जाते. आमच्या बापजाद्यांनी ते डफ घेऊन केले, आमची पोरे मोबाईल घेऊन करत आहेत.

पण याच इतिहासात एक सल आहे. किती शाहिरांची गाणी घराघरात पोचली आणि शाहीर मात्र निनावी मेला, हे चळवळीला वेगळे सांगायला नको. गाणे आपलेच, म्हणून नाव कशाला, असे म्हणत म्हणत आपणच आपल्या कारागिरांना अंधारात ठेवले. तो मुलगा आमच्यापुढे बसला होता तेव्हा आम्हाला हे सारे निनावी शाहीर आठवले.

वेलीला कायदा आहे, खेळाला?

तासगावची द्राक्षे महाराष्ट्राला माहीत आहेत. पण 'तास-ए-गणेश' ही जात तासगाव तालुक्यातली, हे किती जणांना ठाऊक आहे? थॉमसन सीडलेस ही परदेशातून आलेली जात. बोरगावच्या आर्वे यांच्या बागेत त्याच जातीतून निवड करून हा वेगळा वाण पुढे आला. सोलापूरच्या शेतकऱ्यांनी अशाच तऱ्हेने सोनाका आणि माणिक चमन हे वाण दिले. दुसऱ्याचा वेल घेतला, आपल्या मातीत वाढवला, त्यातली वेगळी काडी ओळखली, राखली, वाढवली. शेतीतला हा मॉडच म्हणायचा!

कायद्याने या बदलणाऱ्या हाताला मान दिला आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ प्रमाणे नवा वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला त्याची नोंदणी करून हक्क मागता येतो. स्वतःच्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा अधिकारही शेतकऱ्याला आहे. अर्थात त्याच बागेत घड बुडवणाऱ्या, विरळणी करणाऱ्या, छाटणीला वाकणाऱ्या आमच्या बायामाणसांचे नाव कुठल्याच वाणावर लागत नाही, ही गोष्ट निराळी. तरीही बदल करणाराही निर्माता असतो एवढे तत्त्व या कायद्याने मान्य केले आहे.

गेम बदलणाऱ्या मुलासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्याला कॉपीराइट कायदा, १९५७ मध्येच जागा शोधावी लागते. ती अगदीच नाही असे नाही. त्याने रंगवलेली बस ही त्याची कलाकृती आहे. कॉपीराइट कृती घडताच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ निर्मात्याला दोन गोष्टी देते. ही कृती माझी आहे असे सांगण्याचा हक्क आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा हक्क. कृती विकली तरी हे हक्क निर्मात्याकडेच राहतात. कलम ६२ प्रमाणे तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते, म्हणजे तासगावच्या मुलाला मुंबई-बंगळुरू गाठायची गरज नाही, सांगली पुरे. मुलगा अज्ञान असेल तर पालकामार्फत दावा लावता येतो.

आणि ते 'मला मान्य आहे' असे दाबायचे बटण? भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला करार करण्याची पात्रता नाही. मोहोरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष या खटल्यात १९०३ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरवला. सोळा वर्षांच्या पोराने कंपनीच्या वीस पानी इंग्रजी अटींवर अंगठा टेकवला म्हणून त्याच्या निर्मितीची मालकी कंपनीकडे गेली, असे आपल्या कायद्यात इतक्या सहजी म्हणता येणार नाही. आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले आणि जमिनी घालवल्या. अंगठा आता काचेवर टेकतो एवढाच फरक.

पण वकिलाने अशिलाला गोड तेवढेच सांगू नये. कलम ५२ ने कायदेशीर मिळवलेल्या प्रोग्रॅममध्ये स्वतःपुरता, बिनव्यापारी बदल करायला मुभा दिली आहे. ती मुभा चोरीच्या सीडीला नाही, बदललेला प्रोग्रॅम बाजारात विकायलाही नाही. कंपनीचे कुलूप हक्कभंग करण्यासाठी तोडणे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. एसटीचे बोधचिन्ह एसटी महामंडळाचे आहे. आम्ही त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारला, "बसचा सांगाडा तू केलास?" तो म्हणाला, "न्हाई. त्यो दुसऱ्या पोरानं केलेला. म्या रंग केला." "मग त्याचे नाव कुठे आहे?" त्याने मान खाली घातली. आपले नाव पुसल्याचे दुःख घेऊन आलेल्या या मुलाने दुसऱ्याचे नाव लिहिलेच नव्हते. आम्ही त्याला रागावलो नाही. नाव लिहायची सवय आपल्या समाजाला कुणी लावली आहे?

बदल करा, चौकट मोडू नका

बदलण्याचा हक्क सर्वांना द्यायचा म्हटले की तो वाईट माणसालाही मिळतो. अमेरिकेतल्या 'नॅशनल अलायन्स' या नाझी विचारांच्या संघटनेने २००२ मध्ये एक गेम काढला. त्यात खेळणाऱ्याने कृष्णवर्णीय आणि ज्यू माणसांना मारायचे होते. गेम बनवण्याचे तयार साधन त्यांनी उचलले आणि त्यात द्वेष भरला. उद्या आपल्याकडे कुणी गेममध्ये महामानवांचा पुतळा विटंबनेसाठी उभा केला, जातिवाचक शिव्या फलकावर लावल्या, तर? अशा वेळी 'हा तर खेळ आहे' हे उत्तर चालणार नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने शब्द, खुणा किंवा दृश्य चित्रणातून अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणे आणि त्यांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणे हे गुन्हे ठरवले आहेत. गेममधली भिंतही दृश्य चित्रणच आहे.

मग बदलाची हद्द कुठली? ती आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली. तो ग्रंथ माणसाला माणूस मानत नव्हता आणि त्यातल्या अक्षराला हात लावण्याचा अधिकारही आम्हाला देत नव्हता. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानात मात्र कलम ३६८ आहे. पुढच्या पिढीने दुरुस्ती करावी, याची सोय ग्रंथातच केलेली. आणि २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुरुस्ती करा, पण मूलभूत चौकट मोडू नका. आमच्या पोरांना आम्ही हेच सांगू. गाडी बदला, रंग बदला, नकाशा बदला, सगळा खेळ उलटा करा. स्वातंत्र्य, समता, बंधुता या चौकटीला धक्का लावायचा नाही.

आता करायचे काय?

आम्ही चळवळीपुढे चार साध्या गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या तरी बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत एक बरा संगणक असावा आणि तो नुसता परीक्षेचे फॉर्म भरण्यापुरता नसावा. 'ब्लेंडर' हे त्रिमिती चित्रे घडवण्याचे साधन २००२ पासून मुक्त आहे, एक रुपया पडत नाही. जयंतीच्या वर्गणीतून डॉल्बीचा एका रात्रीचा खर्च वाचवला तरी याची सुरुवात होईल.

दुसरी, आपल्या मुलांनी जे केले त्याची मूळ फाइल तारखेसह जपून ठेवावी. चोरी झाली तर न्यायालयात रडगाणे चालत नाही, पुरावा चालतो.

तिसरी, ज्याचे घेतले त्याचे नाव लिहावे. हा नियम गेमला लागू आहे तसा भीमगीतांना, जयंतीच्या बॅनरवरच्या चित्रांना आणि आपल्या भाषणांनाही लागू आहे.

चौथी, दुसऱ्याच्या खेळात रंग भरता भरता आपला खेळ रचायची तयारी करावी. पत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २०२० मध्ये 'माइनक्राफ्ट' या गेमच्या आत एक ग्रंथालय बांधले आणि ज्या देशांत बंदी आहे तिथल्या वाचकांसाठी बंदी घातलेले लेख त्यात ठेवले. मग महाडचे चवदार तळे, २० मार्च १९२७ चा तो मोर्चा, तळ्याच्या पायऱ्या आपली मुले का उभारू शकणार नाहीत? बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांवरचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१६ ला संपला. ते शब्द आता कुणाच्या परवानगीचे मिंधे नाहीत. फक्त त्यात भेसळ होऊ नये, ही जबाबदारी आपली.

त्या मुलाच्या वतीने आम्ही तक्रार पाठवली. विक्री थांबली. तशी गाडी आणखी दोन-तीन ठिकाणी फिरते आहे, त्यांच्याही मागे लागलो आहोत. मुलगा मात्र थांबलेला नाही. त्याचा गेम ज्या जावा बेटावर चालतो तिथेच बोरोबुदूरचा प्रचंड स्तूप आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले तेव्हा तो बराच वेळ चित्र बघत बसला. परवा त्याने नवी एसटी दाखवली. फलकावर 'तासगाव ते बोरोबुदूर'. काचेवर निळा झेंडा पूर्वीपेक्षा मोठा. आणि मागच्या पत्र्यावर ठळक अक्षरात दोन नावे, वर सांगाडा करणाऱ्या पोराचे, खाली त्याचे स्वतःचे.

आता पुसणाऱ्याला ही दोन्ही नावे वाचूनच पुसावी लागतील. जयभीम!